मदत हवी आहे: आमचं घर उन्हाळ्यात वर येतं आणि पावसाळ्यात खचतं!

डायलगेज:

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र. पण गेलं वर्षभर चार आकड्यांनी डोकं खाल्लंय आणि घरात आता कुणी माझं ऐकून घेत नाही, म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

घर नाशिकला, मखमलाबादकडे. २००४ सालचं, तळमजला अधिक एक. बांधलं तेव्हा चहूकडे द्राक्षाचे मळे होते, मागच्या अंगाला एक अजून टिकून आहे. जमीन काळी. पाया खणताना पाच-सहा फुटांवर मुरूम लागला. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मुरूम लागला, आता चिंता नको." उत्तर-पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र सातव्या फुटालाही मातीच होती. तिथे पुढे नेमकं काय केलं ते मी पाहिलं नाही, कारण त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. त्या एका शिफ्टचं व्याज आता भरतोय.

दोन वर्षांपूर्वी त्याच कोपऱ्यातल्या खिडकीच्या खालून तिरपी भेग निघाली. पुट्टी भरली, परत निघाली. सातपूरला एका कारखान्यात इन्स्पेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, नुसतं बघून गप्प बसवेना. गेल्या फेब्रुवारीत भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या दोन पिना इपॉक्सीने बसवल्या आणि व्हर्नियरने अंतर घ्यायला लागलो. (एका पिनेला आमच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली होती. त्या आठवड्याची रीडिंगं बाद.) शिवाय प्लिंथच्या चारही कोपऱ्यांवर खुणा केल्या आणि गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने त्यांची उंची घेतली. शून्य धरला फाटकाचा दगडी खांब. तो जुना आहे, भक्कम आहे, वर लोखंडी फाटक.

एप्रिलमध्ये शेजारच्या प्लॉटवर तळघराचं खोदकाम सुरू झालं. बारा फूट खोल, आमच्या कोपऱ्यापासून अकरा फुटांवर. महिनाभर ब्रेकर. मेमध्ये काम थांबलं, खड्डा तसाच उघडा. पावसाळ्यात त्यात तळं झालं. दिवाळीनंतर भिंत उभी राहिली.

आता रीडिंगं, मिलिमीटरमध्ये. क म्हणजे दक्षिण-पश्चिम, ख दक्षिण-पूर्व, ग उत्तर-पूर्व (भेगेचा कोपरा), घ उत्तर-पश्चिम. फेब्रुवारीला सगळे शून्य.

मेअखेर: क +६, ख +५, ग +१, घ +५
ऑगस्टअखेर: क −४, ख −४, ग −७, घ −३
जानेवारी: क +२, ख +१, ग −३, घ +२

भेगेच्या पिनांमधलं अंतर: फेब्रुवारी १००.००, मे १०१.३६, ऑगस्ट १००.७०, जानेवारी १०१.२४.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे आम्हाला शाळेत असताना पण माहीत होतं. म्हणजे घर पावसाळ्यात वर यायला हवं. माझं घर बरोब्बर उलटं करतंय! बिल्डर ही वही बघून हसला. म्हणाला, "काका, आम्ही खोदत होतो तेव्हा तुमचं घर वर येत होतं. मग आम्ही खचवलं कसं?" मला उत्तर देता आलं नाही.

भाचा पुण्यात मॅपिंगचं काम करतो. त्याने उपग्रहाचा फुकट मिळणारा रडार डेटा काढून नकाशा पाठवला. त्यात मागचा मळा पावसाळ्यात वर आलेला दिसतो आणि आमचं घर जागच्या जागी! म्हणजे तिसरंच उत्तर.

माझं काय चुकतंय? भेग कधी भरू? आणि बिल्डरला काय सांगू?

खडीमशीन:

काका, खोदकामाआधी घराचे तारखेसकट फोटो काढले होते का? नसतील तर बाकी चर्चा आपल्या समाधानापुरती.

डायलगेज:

भेगेचे आहेत, फेब्रुवारीचे, पट्टी लावून काढलेले. बाकी घराचे नाहीत. नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंत मागे भिंत दिसते, ते चालतील का?

खडीमशीन:

चालतील. हसू नका, खरंच चालतात. जपून ठेवा.

ओसरी:

भूकंपाचं बघा जरा. दिंडोरी, पेठ, कळवणकडे अधूनमधून बारीक धक्के बसतातच की.

पापुद्रा:

धक्क्याने गेलेली भेग ऑगस्टमध्ये मिटून जानेवारीत परत उघडत नाही. ही ऋतूंबरोबर चालणारी भेग आहे, त्यामुळे भूकंप बाजूला ठेवू. पण त्यातला एक मुद्दा कामाचा आहे. भूकंपमापक यंत्र कुठे ठेवतात? दिंडोरी रोडवरच्या मेरीत (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत) भूकंपमापन चालतं, तिथल्या कुणालाही विचारा. शक्यतो अभंग कातळावर ठेवतात. काळ्या मातीवर ठेवलं तर ते पृथ्वीची हालचाल कमी आणि मातीची जास्त सांगेल. पाऊस पडला की यंत्र कलणार, ऊन पडलं की कलणार.

काका, तुमचा फाटकाचा खांब किती खोल गाडलाय?

डायलगेज:

दीड फूट असेल. फार तर दोन.

पापुद्रा:

मग झालं. खांब वरखाली होतोय.

जरा सविस्तर लिहिते. मी भूशास्त्राची, त्यामुळे सुरुवात सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीपासून करावी लागेल, पण लवकर आटोपते. आपल्या पायाखाली लाव्हाचे थरावर थर आहेत. हा काळा पाषाण हवापाण्याने कुजतो. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं मोडून माती होते. जिथे धो धो पाऊस आणि पाण्याला उतार, तिथे सगळं धुऊन जांभा उरतो, महाबळेश्वरसारखा. जिथे पाऊस बेताचा आणि पाणी साचून राहतं, तिथे मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार होते. तिच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते. वाळली की भेगाळते. तीच तुमची काळी माती.

आता मिस्त्रीच्या "मुरूम लागला"कडे येऊ. मुरूम म्हणजे सरळ अंथरलेली चादर नव्हे. खडकाला सांधे असतात, पाणी सांध्यांतून आत जातं आणि खडक चारी बाजूंनी कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत जातो. मध्ये कडक गोटा उरतो, भोवती भुसभुशीत मुरूम, आणि दोन गोट्यांच्या मधल्या फटीत माती खोलवर उतरलेली. घाटातल्या रस्त्याच्या कापात हे उघड्यावर दिसतं. त्यामुळे एकाच घराचे तीन कोपरे मुरमावर आणि चौथा मातीच्या खिशात, हे अगदी नेहमीचं. तुमची ती सेकंड शिफ्ट बहुधा अशाच एका खिशावर गेली.

म्हणजे तुमच्याकडे वेगवेगळ्या खोलीवर टेकलेल्या तीन गोष्टी आहेत. दीड फुटावरचा खांब, जो ऋतूंबरोबर सर्वांत जास्त नाचतो. मुरमावरचे तीन कोपरे, जे जवळपास स्थिर. आणि चौथा कोपरा, जो या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मेमध्ये माती वाळून खांब खाली गेला, म्हणून घर वर आल्यासारखं दिसलं. ऑगस्टमध्ये खांब फुगून वर आला, म्हणून घर खचल्यासारखं. तुम्ही वर्षभर घर मोजलं नाही, फाटक मोजलं.

डायलगेज:

अरे देवा.

एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो, आधी सरफेस प्लेट (ज्या सपाट पाटावरून मापं घेतात ती) तपासा, मग जॉबला हात लावा. आणि घरी प्लेट म्हणून फाटक घेतलं. म्हणजे वही रद्दीत?

आडवी_रेघ:

रद्दीत कशाला! काका, तुमची वही चांगली आहे, फक्त वजाबाकी राहिलीय. खांब हलला तर तो चारही कोपऱ्यांच्या रीडिंगमध्ये सारखाच हलला ना? मग कोपऱ्यातून कोपरा वजा करा, खांब आपोआप गळून पडतो. क शून्य धरा आणि ग काय म्हणतो ते बघा.

डायलगेज:

केलं. ग उणे क:

फेब्रुवारी ०, मे −५, ऑगस्ट −३, जानेवारी −५.

ख उणे क आणि घ उणे क प्रत्येक वेळी एक मिलिमीटरच्या आत.

आणि आता खरी गंमत. भेगेचे आकडे शेजारी ठेवले: ०, १.३६, ०.७०, १.२४. दोन्ही एकाच चालीने चालतात! भेगेच्या पिनांना तर खांबाशी काही घेणंदेणंच नव्हतं. रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

आडवी_रेघ:

दोन वेगळ्या मापांनी एकच गोष्ट सांगितली, याहून मोठी खात्री घरच्या घरी मिळत नाही. आता थोडं पाणी ओततो. अक्षरशः पाण्याबद्दलच. नळी किती वाजता लावता, आणि ती कशी लटकते?

डायलगेज:

सकाळी नऊच्या सुमारास. अंगणातून जाते, दोन्ही टोकांना साधारण मीटरभर उभी.

आडवी_रेघ:

नऊ वाजता तुमच्या पूर्वेच्या भिंतीवर ऊन आणि पश्चिमेला सावली. एका टोकाचं पाणी दहा अंशांनी जास्त तापलं तर ते हलकं होतं आणि वर चढतं. पाण्याचं प्रसरण त्या तापमानाला अंशामागे दहा हजारात साधारण तीन भाग. मीटरभर उभ्या नळीत दहा अंशांचा फरक म्हणजे तीन मिलिमीटर, आणि तुमचा सगळा वाद पाच मिलिमीटरचा. ख आणि ग दोन्ही पूर्वेला असून ख गप्प आहे, म्हणून तुमचा निष्कर्ष तरतो. तरी यापुढे उजाडताना मोजा, नळीतले बुडबुडे काढा, आणि जमलं तर नळी सोडून ऑटो लेव्हल (उंची मोजायची तिपाईवरची दुर्बीण) भाड्याने आणा.

भिंतही तापते. दहा मीटर लांब काँक्रीट वीस अंशांनी तापलं की दोन मिमी वाढतं. भेगेच्या पिना सकाळी सातला आणि दुपारी तीनला एकदा घेऊन बघा.

डायलगेज:

घेतल्या. एका दिवसात ०.१४ चा फरक. यापुढे फक्त सकाळी सात.

पिक्सेल:

भाच्याच्या नकाशाबद्दल. तो डेटा बहुतेक सेंटिनेल-१चा असणार. तो २०१४ पासून फिरतोय, रडारची तरंगलांबी ५.६ सेंटीमीटर. एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत जमीन किती सरकली हे लाटेच्या टप्प्यातल्या (फेजमधल्या) फरकावरून काढतात. छपरं, पूल, उघडा कातळ यांवर हे छान चालतं. शेतावर नाही. माती ओली झाली की ती तसूभर न हलताही टप्पा बदलतो, वर काळी माती खरोखर फुगतेही, आणि वेलींची पानं आली की आणखी गोंधळ. म्हणजे मळा "वर आला" यात खरी हालचाल किती आणि ओल किती हे वेगळं करणं अवघड. तुमच्या घराचा एक कोपरा पाच मिमी गेला हे तर त्याला दिसणारच नाही, अख्खं घर त्याच्या एका ठिपक्यात मावतं. आणि भाच्याला एकच विचारा, "तू शून्य कुठे धरलास?" त्यालाही कुठलातरी ठिपका स्थिर मानावाच लागतो. त्याने तो काळ्या रानात धरला असेल तर त्याचंही फाटकच झालं.

डायलगेज:

विचारलं. थोडा वेळ शांतता, मग म्हणाला, "मामा, डिफॉल्ट ठेवलं होतं."

खडीमशीन:

😂

ओसरी:

मग बिल्डर सुटला की अडकला?

पापुद्रा:

सरळ नाही ते. तारखा बघा. मेअखेरपर्यंत तो खड्डा दीडेक महिना उघडा पडलेला. बारा फूट खोल मातीचा उभा काप, नाशिकचं ऊन, आणि त्यापासून अकरा फुटांवर मातीच्या खिशात बसलेला कोपरा. एरवी काळी माती फक्त वरून वाळते. इथे ती बाजूनेही वाळली. ऑगस्टमध्ये खड्ड्यात पाणी भरलं, माती भिजली, कोपरा दोन मिमी सावरला. दिवाळीनंतर पाणी उपसून भिंत घातली, जानेवारीपर्यंत पुन्हा वाळली, पुन्हा पाच. म्हणजे खोदकामाने आधार काढून घेतला असं म्हणण्यापेक्षा खोदकामाने मातीची ओल काढून घेतली, हे आकड्यांना जास्त जुळतं. पण भेग खोदकामाच्या आधीपासून होती, त्यामुळे सगळं त्यांच्या माथी मारता येणार नाही.

दोन गोष्टी अजून तपासा. त्या कोपऱ्यात झाड आहे का? आणि न्हाणीघराचं पाणी कुठे जातं?

डायलगेज:

झाड आहे, बारा वर्षांचं करंज, कुंपणाला लागून. पाणी दुसऱ्या बाजूला जातं. गच्चीवरचं पावसाचं मात्र पाइपातून नेमकं त्याच कोपऱ्यात पडतं.

पापुद्रा:

मग उन्हाळ्यात करंज ओल पितो आणि पावसाळ्यात पाइप ती भरून देतो, अशी सोय तुम्हीच करून ठेवलीय. झाड एकदम तोडू नका हं! तोडलं की इतकी वर्षं त्याने कोरडी ठेवलेली माती फुगायला लागते आणि कोपरा उलट्या दिशेने जातो. पाइप आधी लांब न्या. घराभोवती चार-पाच फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करा. ओल वर्षभर एकसारखी राहिली की माती जागची हलत नाही.

मातीची परीक्षाही करून घ्या. आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मध्ये सोपी कृती आहे. ४२५ मायक्रॉन चाळणीतून चाळलेली, भट्टीत वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते.

डायलगेज:

रॉकेल शोधण्यात चार दिवस गेले. मातीपेक्षा तेच दुर्मिळ. शेवटी पुतणीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये करून घेतली. रॉकेलमध्ये १२ मिली, पाण्यात २१. म्हणजे ७५ टक्के.

पापुद्रा:

पन्नासच्या वर गेली की फारच फुगणारी समजतात. अशा जमिनीसाठीच रुडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने) खाली फुगीर बुंध्याच्या अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, आणल्या, आणि काळ्या मातीत त्या निदान साडेतीन मीटर खोल नेतात, म्हणजे ऋतूंच्या खेळाखाली. तुमचं सात फुटांचं फुटिंग त्या खेळाच्या आतच आहे. कोपरा पुढेमागे खालून बांधून घ्यायचा झाला तर हा आकडा लक्षात ठेवा, आणि ते काम चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय करू नका.

आडवी_रेघ:

काका, पुढच्या वर्षासाठी खरा शून्य हवा. आवारात विहीर आहे का? मखमलाबादला जुन्या घरांत असते.

डायलगेज:

आहे! पंचेचाळीस फूट. वरचे चौदा फूट दगडी बांधकाम, मग मांजऱ्या (मऊ खडक), आणि बावीस फुटांपासून काळा पाषाण. कठड्यावर खूण करू?

आडवी_रेघ:

कठड्यावर अजिबात नाही! तो मातीतच उभा आहे, फाटकाचा थोरला भाऊ. बांधकामाच्या खाली, मांजऱ्याच्याही खाली, पाषाणात जा. तिथे अँकर बोल्ट ठोका. स्टीलच्या टेपचा शून्य त्याला अडकवा, वर काठाशी स्प्रिंग बॅलन्स लावून दर वेळी तेवढाच ताण द्या, आणि ऑटो लेव्हलची आडवी रेघ त्या टेपवर वाचा. मग तीच रेघ चारही कोपऱ्यांच्या पट्टीवर. टेप सात मीटर लटकणार, हवा दहा अंशांनी बदलली तर पाऊण मिलिमीटरच्या वर फरक पडतो, म्हणून शेजारी थर्मामीटर टांगा. विहिरीत माणूस उतरवाल तर हवा तपासायला आधी जिवंत कोंबडी-बिंबडी सोडणं नको, सरळ दोर, हार्नेस आणि हवा खेळती राहील असा पंखा. जुन्या विहिरीत वायू साचतो.

बोअरच्या केसिंग पाइपला शून्य धरायचा मोह होईल. तोही टाळा. फुगणारी माती पाइपला कवटाळून वर ओढते.

डायलगेज:

भेगेचं राहिलं. उघडी बघवत नाही.

आडवी_रेघ:

मेमध्ये सिमेंटने घट्ट भरू नका. तेव्हा ती सर्वांत रुंद असते. पावसात तिला मिटायचं असेल, सिमेंट मिटू देणार नाही आणि शेजारी नवी भेग काढेल. लवचीक सीलंट भरा, पाणी आत जाऊ नये एवढ्यापुरता. पिना राहू द्या.

डायलगेज:

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय.

पाइप वळवला. फरसबंदीचं सांगून ठेवलंय. विहिरीत बोल्ट बसला, आधी पंखा खाली सोडून, दोन दोर बांधून. आमच्याकडचा जुना मोटार मेकॅनिक उतरला. तो खालून ओरडला, "साहेब, इथं छिन्नी वाजते!" वर मांजऱ्यात ठोकलं तेव्हा नुसता धप्प आवाज येत होता. तो फरक काठावर उभा राहून ऐकला आणि गेल्या वर्षभराचं सगळं कोडं त्या दोन आवाजांत कळलं.

बिल्डरला वजाबाकीचा कागद दाखवला, पिनांच्या आकड्यांसकट. या वेळी हसला नाही. त्यांच्या इंजिनिअरला घेऊन बसलो. भिंतीमागे मुरूम भरलाय, त्यातून पावसाचं पाणी आमच्या कोपऱ्याखाली जाईल, म्हणून तिथे गटार काढून वरून मातीचा थर दाबून देतो म्हणाले. लेखी मागितलंय. कोपऱ्याच्या खर्चाचं बोलणं मेच्या रीडिंगनंतर.

पहिलं रीडिंग: २६ फेब्रुवारी, सकाळी ६:४०, हवा १६ अंश, ताण ५ किलो. चार कोपरे, आणि हो, पाचवी खूण म्हणून फाटकाचा खांबही घेतलाय. तो किती नाचतो ते आता बघायचंच आहे. पुढचं मेच्या शेवटच्या आठवड्यात, पावसाआधी. तोवर पिनांना दोरी बांधायची नाही एवढं घरात बजावलंय. उत्तर आलं, "मग कपडे तुझ्या त्या विहिरीतल्या बोल्टवर वाळत घालू का?"